शहराचा संकल्प आणि आपल्या घराचा मीटर



मृग लागायच्या आधी तुमच्या घरी हिशेब होतो. कापसाच्या पिशव्या किती, सोयाबीनचे बियाणे किती, खताला किती लागतील, निंदणीच्या मजुरीला किती ठेवावे लागतील, हे घरचा धनी आणि धनीण बसून बोटांवर मोजतात. हा हिशेब चुकला तर वर्षाची घडी विस्कटते, हे कोणी शिकवावे लागत नाही. पण याच घरात महिन्याला वीज किती युनिट जळते, असे विचारले तर दहातली नऊ घरे वीजबिलाची रक्कम सांगतील. युनिट कोणी सांगणार नाही. जे मोजले जात नाही ते वाचवता येत नाही. आज आपल्याला बोलायचे आहे ते याच मोजण्याबद्दल, आणि सुरुवात करायची आहे आपल्या जिल्ह्याच्या गावापासून, नांदेडपासून.

नांदेडचे नाव सौर शहरांच्या यादीत

इस्लापूरकर नांदेडला जातो तो दवाखान्यासाठी, कोर्टकचेरीसाठी, मुलांच्या कॉलेजसाठी किंवा गुरुद्वाराच्या दर्शनासाठी. याच नांदेडचे नाव एका वेगळ्या यादीत आले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २००८ साली ‘सौर शहरे’ घडविण्याचा कार्यक्रम हाती घेतला. देशातील साठ शहरे त्यासाठी निवडायची होती. महाराष्ट्रातून नागपूर हे आदर्श सौर शहर ठरले. शिवाय ठाणे, कल्याण-डोंबिवली, औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, शिर्डी आणि आपले नांदेड ही नावे यादीत आली.

या कार्यक्रमाचे लक्ष्य ऐकायला साधे होते. पाच वर्षांनंतर शहराला कोळसा, तेल, गॅस यांपासूनची ऊर्जा किती लागेल याचा अंदाज काढायचा, आणि त्या मागणीत निदान दहा टक्के घट करायची. थोडी घट काटकसरीने, थोडी सूर्य, वारा, शेण, कचरा यांच्यापासून मिळणाऱ्या ऊर्जेने.

त्यात घेण्यासारखी गोष्ट आहे ती कामाची रीत. शहराने आधी एक वर्ष पायाभूत धरायचे. त्या वर्षी घरांना किती वीज लागली, दुकानांना व कारखान्यांना किती, नगरपालिकेच्या दिव्यांना आणि पाण्याच्या पंपांना किती, याची मोजदाद करायची. मग पुढचा अंदाज, मग कपातीचा आराखडा. रस्त्यावर सौरदिवा लावून फोटो काढणे सोपे असते. पाणीपुरवठ्याचा पंप वर्षाला किती वीज खातो हे कागदावर आणणे अवघड असते, आणि खरा खर्च तिथेच सापडतो. आपल्या घरीही तसेच आहे. देवघरातला छोटा दिवा आपल्या डोळ्यांवर येतो, माळवदाखाली रात्रभर गरगरणारा पंखा येत नाही.

मुंबईचा मोठा आकडा

नांदेडहून मोठा संकल्प मुंबईने सोडला. मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेने हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. २०१९ हे वर्ष पायाभूत धरले आणि त्या वर्षीच्या मानाने कर्बवायू २०३० पर्यंत तीस टक्के, २०४० पर्यंत चव्वेचाळीस टक्के कमी करायचे, आणि २०५० साली ‘नक्त शून्य’ गाठायचे असे जाहीर केले. नक्त शून्य म्हणजे जेवढा कर्बवायू हवेत सोडला जाईल तेवढाच झाडांनी किंवा अन्य उपायांनी परत शोषला जाईल, शिल्लक काही राहणार नाही. जमा-खर्च बरोबर.

मुंबईनेही आधी मोजले, तेव्हा ध्यानात आले की शहराच्या एकूण कर्बवायूंपैकी सुमारे सत्तर टक्के वाटा घरे, दुकाने, कचेऱ्या यांना लागणाऱ्या ऊर्जेचा, मुख्यतः विजेचा आहे. मोटारगाड्यांचा धूर डोळ्यांना दिसतो, म्हणून सगळे त्यालाच बोल लावतात. विजेच्या बटणातून धूर निघत नाही. तो निघतो दूरवरच्या वीजकेंद्राच्या धुराड्यातून. कोळशावरच्या केंद्रात एक युनिट वीज तयार व्हायला साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. म्हणजे महिन्याला शंभर युनिट वापरणारे घर साठ-सत्तर किलो कोळसा जाळते, फक्त तो आपल्या अंगणात जळत नाही.

यात आपला काय संबंध?

कोणी म्हणेल, मुंबई-नांदेडने काय करायचे ते करावे, आम्ही इस्लापूरचे. आमच्या घरी दोन दिवे आणि एक पंखा. आमच्याने काय जग तापते? म्हणणे खोटे नाही. खेड्यातल्या माणसाचा या पापात वाटा थोडा आहे. पण भोग मात्र त्याच्या वाट्याला पुरेपूर येतो.

मराठवाड्याने हे अनुभवले आहे. कोळशापासून वीज करायला नुसता कोळसा पुरत नाही, पाणीही भरपूर लागते. वाफ करायला पाणी, यंत्र थंड ठेवायला पाणी. २०१५ साली दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावे लागले. कोळसा असून वीज नाही, अशी स्थिती. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरकरांची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी होते. पाऊस रुसला की आधी पीक जाते, मग पिण्याचे पाणी आणि त्यामागोमाग वीजही. हवा तापली की पाऊस लहरी होतो. आठ-पंधरा दिवस उघडीप आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस, हे आता तुम्हाला नवे राहिलेले नाही. सहस्रकुंडाचा धबधबा पावसाळ्यात पाहायला लांबलांबून माणसे येतात. तीच पैनगंगा उन्हाळ्यात कशी दिसते, हे काठच्या माणसाला विचारावे.

म्हणून शहराने संकल्प केला तर आपण त्याला हसू नये, आणि आपला संकल्प उद्यावर ढकलू नये.

संकल्प पुरा होतोच असे नाही

परदेशातले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. डेन्मार्क देशाची राजधानी कोपनहेगन. या शहराने २०१२ साली आराखडा केला आणि २०२५ पर्यंत जगातली पहिली कर्बमुक्त राजधानी होण्याचे ठरविले. पवनचक्क्या उभ्या केल्या, सायकलींना रस्ते दिले, घरे उबदार ठेवायची पद्धत बदलली. कर्बवायू पुष्कळ उतरले. पण कचरा जाळून ऊर्जा करणाऱ्या केंद्रातला कर्बवायू पकडून ठेवण्याची जी योजना होती तिला पैसा मिळाला नाही, आणि २०२२ साली शहराने कबूल केले की ठरल्या मुदतीत हे जमणार नाही.

ही बातमी वाचून काहींनी नाक मुरडले. वास्तविक ज्याचा हिशेब चोख असतो त्यालाच तूट सांगता येते. ज्याने मोजलेच नाही तो दरवर्षी यशाचे नारळ फोडत राहतो.

आपल्याकडे यशाची उदाहरणेही आहेत. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने २००९ साली प्रसादालयासाठी सूर्याच्या उष्णतेवर वाफ करणारी यंत्रणा बसविली. छतावर त्र्याहत्तर मोठ्या अंतर्वक्र तबकड्या. त्या ऊन गोळा करतात, पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर हजारो भक्तांचा स्वयंपाक शिजतो. गॅसही ठेवलेला आहेच, कारण ढगाळ दिवशी देवाच्या दारी कोणी उपाशी राहू नये. सूर्यावर भरवसा ठेवावा, पण पावसाळ्याची सोय करून ठेवावी.

आता आपल्या घराकडे वळू

समजा, इस्लापूरच्या शिवारातले पाच माणसांचे एक घर आहे. घरात जुने साठ वॉटचे तीन बल्ब रोज पाच तास लागतात. महिन्याचे सत्तावीस युनिट झाले. पंचाहत्तर वॉटचे दोन पंखे दहा तास चालतात, त्यांचे पंचेचाळीस युनिट. टीव्हीचे दहा धरा. एकूण ब्याऐंशी.

आता बल्बांच्या जागी नऊ वॉटचे एलईडी दिवे लावा. सत्तावीसचे चार युनिट होतात. तेवीस वाचले. म्हणजे नांदेडने पाच वर्षांसाठी धरलेले दहा टक्क्यांचे लक्ष्य या घराने एका दुपारी ओलांडले. तुमच्याकडे एलईडी आधीच असतील तर पंख्याकडे पाहा. बाजारात बीएलडीसी म्हणून पंखे मिळतात. ते तीस वॉटच्या आसपास वीज घेतात. किंमत साध्या पंख्याहून जास्त आहे, म्हणून चालू पंखा भंगारात देऊ नका. जुना बिघडला, नवा घ्यायची वेळ आली, की मग हा विचार करा. दोन पंख्यांचे पंचेचाळीस युनिट अठरावर येतात. ब्याऐंशीचे घर बत्तीसवर आले. कोळशावरची वीज धरली तर महिन्याला तीस किलोंवर कोळसा खाणीत राहिला.

हे समजायला एकच काम करायचे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मीटरवरचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवायचा. दूधवाल्याचा खाडा जिथे मांडता तिथेच. शाळेत जाणाऱ्या मुलीला हे काम द्या, ती चुकणार नाही. तीन महिन्यांत घरातले प्रत्येक माणूस दिवा मालवून उठू लागेल.

काटकसर झाल्यावर छतावरच्या सूर्याचा विचार करावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, पण आधी पाय थोडे आखडून घ्यावेत, म्हणजे अंथरूणही लहान लागते. ब्याऐंशी युनिटांच्या घराला जेवढी पट्टी लागेल त्यापेक्षा बत्तीसच्या घराला कमी लागते. एक किलोवॉटच्या सौरपट्ट्यांना साधारण शंभर चौरस फूट मोकळे, सावली नसलेले छत लागते, आणि चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे चार युनिट मिळतात. पावसाळ्यात कमी. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला एक किलोवॉटला तीस हजार, दोनला साठ हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान ठरले. पैसे गुंतविण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयात जाऊन चालू नियम विचारून घ्या. आणि एक गोष्ट विक्रेता बहुधा सांगत नाही ती ध्यानात ठेवा. बॅटरी नसलेली, तारेला जोडलेली सौरयंत्रणा तारेतली वीज गेली की तीही बंद पडते. तशीच तिची रचना असते, म्हणजे तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसत नाही. लाइट गेल्यावरही उजेड हवा असेल तर बॅटरीचा खर्च वेगळा धरावा लागेल.

चूल आणि गोठा

घरची ऊर्जा म्हणजे नुसती वीज नव्हे. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या आणि रानातले सरपण यांच्यावर आजही कितीतरी घरांत भाकरी भाजली जाते. त्या धुराचा त्रास कोणाला होतो? भाकरी करणारीला आणि तिच्या पदराशी बसलेल्या लेकराला. शहराच्या आराखड्यात हा धूर मोजला जात नाही. आपण तो मोजला पाहिजे.

ज्यांच्या गोठ्यात चार-पाच मोठी जनावरे आहेत, त्यांनी गोबर गॅसचा विचार पुन्हा करावा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे पन्नास किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. त्यावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. बाहेर येणारी स्लरी उत्तम खत आहे. गोवरीत शेण जळून जाते, इथे गॅसही मिळतो आणि खतही हाती राहते. गावात बंद पडलेली संयंत्रे असतील, तर ती का पडली ते आधी विचारा. बहुतेक ठिकाणी जनावरे विकली गेली, पाणी कमी पडले किंवा घुमट फुटला आणि दुरुस्ती झाली नाही, अशीच कारणे निघतील. या तिन्ही गोष्टींची खात्री असेल तरच नवे बांधा.

रात्रीचे ओलित

आता सर्वांत जिव्हाळ्याचा विषय. आपल्या भागात वर्षानुवर्षे शेतीपंपाला वीज पाळीने मिळत आली. एक आठवडा दिवसा, तर दुसरा रात्री. रात्रीच्या पाळीत धनी हातात बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला जातो. थंडी, चिखल, साप, रानडुक्कर. घरची बाई दाराकडे डोळे लावून बसते. सौरऊर्जेचा खेड्याला सर्वांत मोठा उपयोग कोणता असेल तर तो हा, की ती दिवसा मिळते.

राज्य शासनाची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. वीज उपकेंद्राजवळ सौरप्रकल्प उभा करायचा आणि त्या भागातील पंपांना दिवसा वीज द्यायची, ही तिची कल्पना. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे या दुसऱ्या आवृत्तीचा पहिला प्रकल्प, तीन मेगावॉटचा, २०२४ मध्ये चालू झाला. त्याच वर्षी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनाही आली. तीत शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच, त्यावर साडेसात, असे प्रमाण ठेवले आहे.

पण सावध राहा. सूर्य फुकट आहे, विहिरीतले पाणी फुकट नाही. बिल येत नाही म्हणून दिवसभर पंप चालू ठेवला, तर फेब्रुवारीतच विहीर तळ दाखवील. सौरपंपाबरोबर ठिबक किंवा तुषार सिंचन घ्या आणि विहिरीतल्या पाण्याची पातळीही कॅलेंडरवर मांडा.

जमीन देताना

शहरांचे आणि राज्याचे संकल्प पुरे व्हायला सौरप्रकल्पांना जमीन लागेल. ती शहरात नाही. ती तुमच्या-आमच्याकडे, मुरमाड बरडावर आहे. सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या आवृत्तीत जमिनीचे भाडे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरसाल तीन टक्के वाढ असा दर ठरला. म्हणजे एकरी सुमारे पन्नास हजार. हा आकडा पाठ करून ठेवा, कारण दारात येणारा मध्यस्थ तो सांगेलच असे नाही. भाडेकरार पुष्कळ वर्षांचा असतो. घरातल्या बायकांना आणि कळत्या मुलांना वाचून दाखविल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नका. किनवट तालुक्यातली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. आदिवासी बांधवांच्या जमिनीला कायद्याचे खास संरक्षण आहे. शासनाच्या लेखी परवानगीवाचून ती बिगर-आदिवासीला भाड्यानेही देता येत नाही. परवानगी नंतर घेऊ, असे कोणी म्हणत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

गावाचा संकल्प

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात मान्याचीवाडी नावाची शंभरएक घरांची वाडी आहे. २०२४ मध्ये ती राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. घरोघरच्या छतांवर पट्ट्या आल्या. वाडी लहान, पण सर्वांनी एकत्र ठरविले म्हणून झाले.

इस्लापूर आणि आसपासच्या गावांनी लगेच एवढी उडी घ्यावी असे नाही. येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी मांडा. पहिली, ग्रामपंचायतीचे रस्त्यावरचे दिवे, पाणीपुरवठ्याचा पंप, शाळा आणि अंगणवाडी यांना गेल्या वर्षी किती युनिट लागले, ते फळ्यावर लिहावे. दुसरी, दिवसाढवळ्या जळणारे रस्त्यावरचे दिवे वेळेवर बंद करण्याची जबाबदारी एका माणसावर नावानिशी टाकावी. तिसरी, पुढच्या वर्षी याच दिवशी नवा आकडा जुन्या आकड्याशेजारी लिहावा. दहा टक्के उतरला तर पेढे वाटा. नाही उतरला तर का नाही, ते सर्वांसमक्ष बोला.

शहराचा संकल्प वर्तमानपत्रात छापून येतो. आपला कॅलेंडरवर लिहिला तरी पुरे. या महिन्याच्या पहिल्या तारखेला मीटरजवळ जा, आकडा वाचा आणि लिहून ठेवा. नांदेडच्या आणि मुंबईच्या आराखड्यांचे पहिले पानही असेच मोजणीपासून सुरू झाले होते.